वह्या कोण तपासणार?

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने संगणकशास्त्राचे तीन वर्ग इंटरनेटवरून साऱ्या जगाला फुकट खुले केले. सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्व्हिग यांचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा, अँड्र्यू एंग यांचा मशीन लर्निंगचा आणि जेनिफर विडम यांचा डेटाबेसचा. पहिल्या वर्गात एक लाख साठ हजार नावे नोंदली गेली, दुसऱ्यात लाखभर, आणि वर्तमानपत्रांना तेवढे आकडे पुरले. पुढच्या वर्षभरात थ्रन यांची युडॅसिटी उभी राहिली, एंग आणि डॅफ्नी कोलर यांची कोर्सेरा उभी राहिली. तिसऱ्या वर्गातून मात्र कंपनी निघाली नाही, म्हणून ऑनलाइन शिक्षणाचा इतिहास सांगणारे त्याची एका ओळीत बोळवण करतात. ही बोळवण मला चुकीची वाटते. दूरस्थ शिक्षण जन्मल्यापासून एका अडचणीपाशी अडून होते, ती म्हणजे विद्यार्थ्याची वही तपासायची कोणी. रिलेशनल डेटाबेस या विषयाने त्या अडचणीला जितके नेमके उत्तर दिले तितके फार थोड्या विद्यापीठीय विषयांना देता आले. आणि ते उत्तर इंटरनेटच्या कृपेने सापडले नाही. विषयाची घडण १९७० मध्ये जशी झाली तिच्यातच ते होते.

घरबसल्या शिक्षण म्हटले की आपल्याला व्याख्यान आठवते, पण व्याख्यान दूरवर पोहोचवणे ही कधीच मोठी अडचण नव्हती. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एक पेनीच्या टपालाची सोय झाली आणि आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलेखन शिकवायला सुरुवात केली. नियम छापून पाठवणे सोपे होते. खरे काम होते ते विद्यार्थ्यांनी लघुलिपीत उतरवून पाठवलेले मजकूर सुधारून परत पाठवण्याचे. विद्यार्थी वाढले तसे त्या सुधारणेसाठी स्वयंसेवकांची मंडळीच उभी करावी लागली. १८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने परीक्षा बाहेरच्यांना खुली केली, तीही शिकवण्याची जबाबदारी न घेता, फक्त तपासण्याची घेऊन. १९७१ मध्ये ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात पहिले विद्यार्थी आले तेव्हा बीबीसीवरच्या कार्यक्रमांचे कौतुक झाले. पण तिथल्या शिक्षणाचा कणा होता तो गावोगावच्या अर्धवेळ शिक्षकांनी शेरे मारून परत केलेल्या स्वाध्यायांचा. दिल्ली विद्यापीठाचे १९६२ चे पत्रद्वारा अभ्यासक्रम असोत की १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, सगळीकडे पुस्तक छापून झाल्यावर प्रश्न तोच उरतो. पुस्तकाची हजारावी प्रत पहिलीपेक्षा स्वस्त पडते. हजारावी वही पहिलीइतकाच वेळ खाते.

यंत्राने वही तपासण्याचा पहिला मोठा प्रयत्न ज्या माणसाच्या हातून झाला त्याचे नाव या कथेत दोनदा येते. रेनल्ड जॉन्सन हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शाळामास्तर होते. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते एवढ्या साध्या गोष्टीवर त्यांनी उत्तरपत्रिकेवरच्या खुणा मोजणारे यंत्र बनवले. आयबीएमने ते विकत घेतले, १९३४ मध्ये जॉन्सन यांनाच नोकरीवर घेतले आणि ते दशक संपता संपता ते यंत्र ‘८०५’ या क्रमांकाने बाजारात आणले. आज नीटपासून एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेपर्यंत जे गोल काळे केले जातात त्यांची वंशावळ तिथे जाऊन पोहोचते. याच जॉन्सन यांना आयबीएमने १९५२ मध्ये सॅन होजेला नवी प्रयोगशाळा काढायला पाठवले. तिथे त्यांच्या देखरेखीखाली चकतीवर माहिती साठवणारे पहिले यंत्र तयार झाले, ते १९५६ मध्ये विक्रीला आले, आणि पुढे त्याच सॅन होजेत, आयबीएमच्याच छत्राखाली, एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडले. हा योगायोगच, त्यातून कार्यकारणभाव काढायला जाऊ नये. पण जॉन्सन यांच्या यंत्राची मर्यादा इथे लक्षात ठेवायला हवी. त्याला उत्तर वाचता येत नव्हते. परीक्षकाने आधीच लिहून ठेवलेल्या चार-पाच उत्तरांपैकी कुठल्यापुढे खूण आहे एवढेच त्याला कळे. विद्यार्थ्याने स्वतःच्या डोक्याने रचलेले उत्तर तपासायचे तर माणूसच लागायचा.

कॉड मूळचे इंग्लंडचे. डॉर्सेट परगण्यात १९२३ मध्ये जन्म, महायुद्धात हवाई दलात वैमानिक, ऑक्सफर्डमध्ये गणित. त्यांचा प्रसिद्ध निबंध जून १९७० मध्ये छापून आला तेव्हा मोठ्या यंत्रांवरची माहिती झाडासारख्या फांद्यांत किंवा एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या नोंदींच्या जाळ्यात साठवली जात असे. जाळ्याच्या पद्धतीचे जनक चार्ल्स बाखमन यांना १९७३ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या भाषणात त्यांनी प्रोग्रामरची कल्पना खलाशी म्हणून केली होती: एका नोंदीपासून दुसरीकडे, दुसरीवरून तिसरीकडे, वाट काढत जाणारा. कॉड यांचे म्हणणे उलट होते. वापरणाऱ्याला नोंदी कुठे आणि कशा ठेवल्या आहेत हे कळण्याची गरजच पडू नये; माहिती साध्या तक्त्यांत मांडावी, तक्ता म्हणजे गणितातला ओळींचा संच मानावा, आणि काय हवे एवढेच सांगावे. ते कसे शोधायचे हे यंत्राचे काम. उद्योगजगताला यातली सोय दिसली, आणि पुढच्या काही दशकांत बँका आणि वीजबिले त्या सोयीवर चालू लागली. शिकवण्याच्या दृष्टीने त्यात काय दडले होते हे मात्र फारसे कोणी बोलून दाखवले नाही.

जाळ्याच्या पद्धतीत विद्यार्थ्याने लिहिलेले उत्तर म्हणजे प्रवासाचे वर्णन. ते बरोबर आहे का हे पाहायचे तर त्याच्याबरोबर पाऊल टाकत जावे लागते. या नोंदीवर थांबला, पुढचीवर गेला, मधली एक सुटली का, शेवट ओळखला का. कॉड यांच्या पद्धतीत उत्तर म्हणजे एक मागणी, म्हणजेच क्वेरी, आणि मागणीचा परिणाम म्हणजे पुन्हा एक तक्ता. दोन विद्यार्थ्यांनी सर्वस्वी वेगळ्या शब्दांत, वेगळ्या क्रमाने क्वेरी लिहिली तरी दोन्ही क्वेरींचे निकाल समोरासमोर ठेवता येतात, आणि ते सारखे आहेत की नाहीत हा प्रश्न संचांच्या तुलनेचा असल्यामुळे त्याला हो किंवा नाही एवढेच उत्तर असते. ओळी वर-खाली झाल्या तरी संच तोच राहतो. शिवाय रिलेशनल अल्जिब्रातली, म्हणजे तक्त्यांवरच्या क्रियांच्या गणितातली, कोणतीही क्वेरी कधी ना कधी संपतेच. म्हणजे विद्यार्थ्याला मोकळे सोडून, त्याने मनाने रचलेले उत्तर यंत्राकडून तपासून घेता येईल असा एक विषय तयार झाला. जॉन्सन यांच्या यंत्राला जे जमत नव्हते नेमके ते.

पुढची चाळीस वर्षे ही शक्यता हळूहळू वापरण्याजोगी होत गेली. आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये जी भाषा मांडली तीच आजची एसक्यूएल. (ओळींची पुनरुक्ती चालवून घेतल्याबद्दल कॉड तिच्यावर अखेरपर्यंत नाराज होते, आणि तपासनिसाच्या जागेवरून पाहिले तर त्यांची तक्रार रास्त होती, पुनरुक्ती आली की संचांची स्वच्छ तुलना गढूळ होते.) बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी इन्ग्रेस बांधले आणि त्याचा मूळ प्रोग्राम विद्यापीठांना टेपवर नाममात्र खर्चात मिळू लागला, तेव्हा डेटाबेस हा फळ्यावरचा विषय न राहता प्रयोगशाळेतला झाला. १९८६ मध्ये एसक्यूएलचे अमेरिकी मानक ठरले; एका गावात शिकलेली क्वेरी दुसऱ्या गावात चालू लागली. आणि २००० मध्ये रिचर्ड हिप यांचे एसक्यूलाइट आले. अख्खा डेटाबेस एका फाइलीत, वेगळा सर्व्हर नाही, परवान्याचा खर्च नाही. हजारो अनोळखी विद्यार्थ्यांच्या क्वेरी एकाच वेळी चालवायच्या, तर याहून स्वस्त साधन त्या वेळी नव्हते.

विडम यांच्या वर्गात या सगळ्या धाग्यांची गाठ पडली. २०११ च्या सुरुवातीला त्यांनी व्याख्याने चित्रित केली ती आपल्याच विद्यापीठातल्या मुलांसाठी. तास ऐकण्यात न घालवता चर्चेत घालवावा म्हणून. त्यांचे पाठ्यपुस्तकातले सहलेखक जेफ्री उलमन यांनी त्याआधीच ग्रेडियन्स नावाची पर्यायी प्रश्नांची पद्धत काढली होती, तिच्यात विद्यार्थी चुकला की त्याला सूचना मिळे आणि पुन्हा प्रयत्न केला की पर्याय बदललेले असत. पण वर्गाचा जीव या पर्यायी प्रश्नांत नव्हता, क्वेरींच्या सरावात होता. तो सराव दिसायला अगदी साधा. एका तक्त्यात आठ चित्रपट, दुसऱ्यात आठ परीक्षक, तिसऱ्यात त्यांनी दिलेली चौदा मानांकने. ‘गॉन विथ द विंड’ आहे, ‘स्टार वॉर्स’ आहे, ‘अवतार’ आहे. प्रश्न विचारायचा, विद्यार्थ्याने एसक्यूएल लिहायचे, बटण दाबायचे. मागे एसक्यूलाइट ती क्वेरी चालवते, निकाल दाखवते, बरोबर निकालाशी ताडून पाहते आणि क्षणात सांगते. चुकले तर पुन्हा लिहा, हवे तितक्या वेळा. रिलेशनल अल्जिब्राच्या सरावाला पिझ्झा खाणारी माणसे आणि पिझ्झा विकणारी दुकाने होती. नाव नोंदवणारे लाखाच्या जवळ पोहोचले, पंचवीस हजारांहून अधिक जणांनी काही ना काही काम पाठवले आणि सुमारे साडेसहा हजार जणांनी अभ्यासक्रम पुरा केल्याचे पत्र मिळवले. या साऱ्यांनी पाठवलेल्या क्वेरी माणसांकडून तपासायच्या ठरल्या असत्या तर विद्यापीठाने त्याचा विचारही केला नसता.

इथे एक जाणकार आक्षेप घेईल. प्रोग्राम तपासणारे यंत्र कॉड यांच्या निबंधापेक्षा जुने आहे. रेन्सेलियर संस्थेत जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी १९६० मध्येच विद्यार्थ्यांचे प्रोग्राम आपोआप तपासल्याचे लिहून ठेवले आहे, तेही पंचकार्डांच्या जमान्यात. मग डेटाबेसचे विशेष काय? आक्षेप खरा आहे, आणि त्या तीन वर्गांतला मशीन लर्निंगचा वर्गही प्रोग्राम तपासूनच चालला होता. पण सर्वसाधारण प्रोग्राम तपासणे ही कटकट आहे. तो चक्रात अडकून कधीच थांबणार नाही, यंत्राची स्मृती गिळून टाकेल, किंवा उत्तर बरोबर देऊनही एका मोकळ्या जागेमुळे चूक ठरेल. तो थांबेल की नाही हे सर्वसाधारणपणे आधी सांगता येत नाही हे तर ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केले. क्वेरीची मूळ भाषा मुद्दाम तोकडी ठेवलेली आहे. तिला सगळे करता येत नाही, आणि जे करता येते ते संपते, तक्त्याच्या आकारात येते आणि ताडून पाहता येते. तपासनिसाला हवे असते ते नेमके हेच.

दुसरा आक्षेप जास्त सरळ आहे: हे सगळे स्टॅनफर्डच्या नावामुळे, वेगवान इंटरनेटमुळे आणि फुकटपणामुळे झाले. नावामुळे गर्दी झाली हे कोण नाकारील? पण एमआयटीने आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट ठेवण्याची घोषणा २००१ मध्येच केली होती, आणि नाव तर तिचेही तेवढेच मोठे. लोकांनी टिपणे उतरवून घेतली, व्याख्याने पाहिली, आणि तिथेच थांबले. कारण त्यांनी सोडवलेले गणित पाहायला समोर कोणी नव्हते. उलट २०१२ मध्ये कोर्सेरावर साहित्य आणि समाजशास्त्राचे वर्ग आले तेव्हा तिथेही नाव, वेग आणि फुकटपणा सगळे होते. तरी निबंध तपासायचे कसे हे कोडे सुटेना, म्हणून विद्यार्थ्यांनी एकमेकांचे निबंध तपासावेत असा तोडगा निघाला. तो चालला तितका चालला. तेव्हा अर्थ इतकाच की गर्दी जमवणे नावाला जमते, पण जमलेल्या गर्दीला वर्गाचे रूप द्यायचे तर वही तपासून परत द्यावी लागते, आणि ते विषयाच्या घडणीवर अवलंबून असते.

तिसरा आक्षेप मात्र थेट मर्मावर बोट ठेवतो. निकाल जुळला म्हणजे क्वेरी बरोबर, हे कोणी सांगितले? विडम यांच्याच चित्रपटांच्या तक्त्यात ‘स्नो व्हाइट’ या एकाच चित्रपटापुढे दिग्दर्शकाचे नाव कोरे सोडले आहे. समजा प्रश्न असा विचारला की दिग्दर्शकाची नोंद नसलेला चित्रपट शोधा. विद्यार्थ्याने चुकून सर्वांत जुना चित्रपट मागितला, तरी १९३७ चा ‘स्नो व्हाइट’च बाहेर येईल आणि यंत्र शाबासकी देईल. आठ ओळींच्या तक्त्यात असे योगायोग पावलोपावली भेटतात. बरे, माहितीवर न विसंबता दोन क्वेरी मुळातच समान आहेत का हे ठरवावे म्हटले तर गणित आडवे येते. साध्या, फक्त अटी जोडत जाणाऱ्या क्वेरींपुरते ते ठरवता येते, पण तेही काम किचकट आहे, हे अशोक चंद्रा आणि फिलिप मर्लिन यांनी १९७७ मध्ये दाखवले. क्वेरीच्या भाषेची पूर्ण ताकद घेतली तर असा निवाडा करणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. म्हणजे मघाशी ज्या तपासणीला नेमकी म्हटले तिची नेमकेपणाची हद्द समोरच्या तक्त्यापुरती आहे.

या आक्षेपाला सर्वांत चांगले उत्तर मुंबईत, पवईला शोधले गेले. आपल्याकडचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी ज्याला नुसते ‘कोर्थ’ म्हणतात त्या पाठ्यपुस्तकाचे तिसरे लेखक एस. सुदर्शन हे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक्सडेटा नावाची प्रणाली रचली. तिची युक्ती अशी: बरोबर क्वेरी घ्यायची, विद्यार्थी जशा चुका करतात तशा चुका तिच्यात मुद्दाम घालून तिची बिघडलेली रूपे कल्पायची, आणि प्रत्येक बिघाड उघडा पडेल अशी माहिती तक्त्यांत भरायची. ‘पेक्षा जास्त’च्या जागी ‘किंवा तितकेच’ लिहिले, जोडणीचा एक प्रकार सोडून दुसरा वापरला, की निकाल हमखास वेगळा यावा असे तक्ते. समानता सिद्ध करण्याच्या नादाला न लागता चुकीला कोंडीत पकडायचे. परिपूर्ण निवाडा यानेही होत नाही, पण परीक्षक माणसाकडून तरी तो कुठे होतो? रात्री अकरा वाजता शंभरावी उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या नजरेतून जे सुटते त्याहून यातून नक्कीच कमी सुटेल.

मात्र यंत्राच्या आवाक्यात जे येते तेच विषय म्हणून उरते, ही खरी हानी आहे, आणि ती मी नाकारत नाही. तक्त्यांतली पुनरुक्ती टाळण्याचे, म्हणजे नॉर्मल फॉर्मचे, गणित यंत्र तपासते, कारण किल्ल्या आणि अवलंबित्वे नियमांनी ठरतात. पण जिल्हा रुग्णालयासाठी तक्ते कसे आखावेत, एकाच रुग्णाचे नाव दोन प्रकारे लिहून आले तर काय करावे, कोणती नोंद आज अनावश्यक वाटली तरी दहा वर्षांनी लागेल, याला एकच बरोबर तक्ता नसतो. तिथे विद्यार्थ्याने कारण द्यायचे असते आणि कोणीतरी ते ऐकून वाद घालायचा असतो. डेटाबेस आखणाऱ्याच्या नोकरीतला अवघड भाग हाच. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने यंत्राने तपासण्याचे स्वाध्याय पहिल्या वर्षापासून ठेवले, पण त्यांच्या जोडीला शिक्षकाने तपासण्याचे स्वाध्याय सोडले नाहीत. त्यामागे हीच जाण होती. तिथे प्रवेशाला आधीची पात्रता लागत नसे, म्हणून माणसाचा आधार लागणारे विद्यार्थी येत. उलट पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१३ मध्ये आपल्या कोर्सेरावरच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली तेव्हा त्यांतल्या बहुतेकांकडे आधीच पदवी असल्याचे आढळले. यंत्राच्या एका ओळीच्या शेऱ्यावर पुढे जाऊ शकणारे लोक सहसा आधीच शिकलेले असतात. नव्वद-पंचाण्णव टक्के लोक मध्येच सोडून जातात या नेहमीच्या टीकेपेक्षा मला ही गोष्ट अधिक गंभीर वाटते. फुकट नाव नोंदवणे म्हणजे प्रवेश घेणे नव्हे, तेव्हा त्या टक्केवारीवर फार रडण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये एनपीटेल सुरू केले, २०१७ मध्ये स्वयम आले, आणि २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या विषयांपैकी चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक विद्यार्थ्याला स्वयमवरून मिळवता येतात. डेटाबेसचे वर्ग तिथे आहेत आणि त्यांतल्या व्याख्यानांना नावे ठेवायला जागा नाही. पण साप्ताहिक स्वाध्याय उघडून पाहावेत: प्रामुख्याने चार पर्यायांचे प्रश्न. एसक्यूएलची क्वेरी छापलेली असते आणि तिचा निकाल कोणता ते निवडायचे असते. म्हणजे जो विषय खूण मोजणाऱ्या यंत्राच्या पलीकडे जाऊ शकतो, तो आपण पुन्हा त्याच यंत्रापुढे नेऊन बसवला आहे. विद्यार्थी हजारो असल्याची सबब इथे चालत नाही, कारण हजारोंच्या क्वेरी चालवून तपासता येतात हे २०११ मध्येच सिद्ध झाले आहे, आणि तपासणी कडक करण्याचे साधन याच राज्यात तयार झाले आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी या विषयाचे ऑनलाइन श्रेयांक मान्य करताना दोनच गोष्टी मागाव्यात: विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या क्वेरी प्रत्यक्ष चालवून तपासल्या जाव्यात, आणि तक्त्यांची आखणी करण्याचा निदान एक प्रकल्प महाविद्यालयातल्या शिक्षकाने समोर बसवून तपासावा.